चुलीपुढचं इंग्रजी

तुमच्या घरात सगळ्यांत आधी जे माणूस इंग्रजी शिकलं, त्याचा पहिला शब्द कोणता होता, हे तुम्ही कधी विचारलंय का? आमच्या वर्गाचा पहिला शब्द ‘सॉल्ट’ होता. तो पाठ करायच्या आधी आम्ही चाखून पाहिला होता.

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दळताना आपलं लक्ष घास घालण्याकडं असतं. उठून बघावं, तर जात्याभोवती पीठ साठलेलं असतं. माझ्याकडं हे असंच साठलंय. दुपारी चार बायका एकत्र बसल्या की कुणीतरी म्हणतं, “सांगा की तुमच्या त्या वर्गाचं.” मग एक आठवलं की त्याच्या मागं दुसरं येतं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमचे हे इंदापूरच्या कचेरीत कारकून होते. माझं माहेर बारामतीचं. तिथंच मी मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन इंदापूरला आले. शिकवायचं माझ्या मनातही नव्हतं. एक दिवस दवाखान्यातल्या नर्स मार्थाबाई एका मुलीला घेऊन माझ्याकडं आल्या. मुलगी म्हणजे विशीतलीच बाई. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. वरकुट्याची रुक्मिणी. नवरा तापानं गेलेला, मूलबाळ नाही. सातवीची फायनल परीक्षा मात्र चांगली पास झालेली.

“हिला नर्स व्हायचंय,” मार्थाबाई म्हणाल्या. “पुण्याच्या दवाखान्यात शिकायला घेतील. पण तिथली मेट्रन इंग्रजीत विचारते. आणि सुरुवातीचं काम काय, तर कुणाला दूध, कुणाला पेज, कुणाला काहीच नाही, एवढंच बघायचं. तेव्हा आधी हिला खाण्यापिण्याचं इंग्रजी शिकवा. बाकीचं मागाहून.”

“घरून पाठवतील का?” मी विचारलं.

रुक्मिणीनं मान खाली घातली. मार्थाबाईंनी डोळ्यांनीच बाहेर खूण केली. ओट्यावर तिचे सासरे बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. उंच, वाळलेले, खांद्यावर घोंगडं. वाडवडलांची मेंढरं होती, ती मोडून आता विहिरीवर भाजीपाला करत होते. एकुलता एक मुलगा गेल्यापासून घरात माणसं दोनच, तात्या आणि ही सून.

मी बाहेर जाऊन विचारलं, “तात्या, सुनेला पुण्याला पाठवणार का?”

“बघू,” तात्या म्हणाले.

ते ‘बघू’ पुढं वर्षभर चाललं.

*

बाजारादिवशी तात्या भाजीच्या पाट्या घेऊन इंदापूरला यायचे, बरोबर रुक्मिणी. बाजार उलगला की दोघं आमच्याकडं यायची. रुक्मिणी आधी ओट्यावर फडकं सोडायची, भाकरीवर कोरड्यास वाढून तात्यांच्या पुढं ठेवायची, तांब्या भरून ठेवायची आणि मग आत यायची. तात्यांना पाणीसुद्धा आपल्या हातानं घ्यायची सवय नव्हती. वर्ग सुटेपर्यंत ते ओट्यावर भिंतीला टेकून बसत. जागे आहेत की डोळा लागलाय, हे कळायचं नाही.

एकटीला शिकवायचं म्हणून सुरू केलं आणि बघता बघता आणखी दोघी आल्या. एक गोदाक्का. माहेर पिंपळीचं, सासर इंदापूरचं, घरची बागाईत. त्यांचा मुलगा आठवीत गेला होता. तेव्हा इंग्रजी आठवीपासून असे. तो रोज मोठ्यानं वाचायचा आणि गोदाक्कांना संशय होता की तो रोज तेच पान वाचतो. त्याला पकडायचं म्हणून त्या आल्या. दुसऱ्या सुशीलावहिनी, पोस्टमास्तरांच्या घरच्या. त्यांना नुसती हौस.

पुस्तक माझ्याकडं नव्हतं. पाटावर वाट्या मांडल्या. मीठ, गूळ, तांदूळ, तिखट. मिठाच्या वाटीला बोट लावून मी म्हणाले, “सॉल्ट.”

गोदाक्कांनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली.

“अहो, नुसतं म्हणायचंय,” मी म्हणाले.

“चव बघितल्याबिगर ध्यानात कसं ऱ्हायचं, बाई? मीठ काय कानानं खात्यात?”

मला ते पटलं. तेव्हापासून आमच्या वर्गाचा नियमच झाला. जो शब्द, तो घास. मीठ झालं, गूळ झाला, शेवटी तिखटाची पाळी आली. मार्थाबाईंनी सांगितलं होतं की रुक्मिणीचा आवाज फुटत नाही, तोंडातल्या तोंडात बोलते. तिनं तिखट जिभेला लावलं, डोळे भरले, नाक लाल झालं आणि ती स्वच्छ, खणखणीत म्हणाली, “चिली.”

गोदाक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “झालं बघा. डोळ्यांत पानी आल्याबिगर इंग्रजी येत न्हाय.”

*

गोदाक्कांच्या मालकांचं नाव लिंबाजीराव. आता नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत सगळ्यांचीच. पण गोदाक्का त्या नावाच्या जवळपासही फिरकत नसत. लिंबाला त्या ‘आंबट’ म्हणायच्या. पंचाईत अशी, की त्यांच्या मळ्यात लिंबांचीच झाडं फार. बाजारात ढीग लावून त्या “आंबट घ्या, रसाचं आंबट” असं ओरडायच्या, आणि चिंच घ्यायला आलेली माणसं ढीग बघून परत जायची.

मी पाटावर फोड ठेवली आणि म्हणाले, “लेमन.”

गोदाक्कांनी फोड चोखली. “लेमन,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि पुन्हा हळूच म्हणाल्या, “लेमन.”

पुढच्या बाजारादिवशी मी भाजी आणायला गेले, तर एका ठिकाणी माणसांचं कोंडाळं. मधोमध गोदाक्का. “लेमन घ्या, लेमन. रसाचं लेमन.” लोक आधी बघायला थांबत होते, मग घेत होते. ढीग दुपारच्या आत संपला.

वर्गाला त्या जरा लवकरच आल्या. बाकीच्या दोघी यायच्या होत्या. पदराशी चाळा करत त्यांनी मला विचारलं, “बाई, इंग्रजीत मालकाचं नाव घेतल्यालं दोष लागतो का वो?”

“नाव कुठं घेतलंत, गोदाक्का? फळाचं नाव घेतलंत तुम्ही.”

“तेच मनाला सांगितलं मी,” त्या म्हणाल्या. “पर दिसभर त्येंनाच हाका मारल्यावानी वाटलं.”

लग्नाला वीसेक वर्षं झालेली बाई, पण पदरात तोंड लपवून हसली.

*

सुशीलावहिनींच्या घरी सोवळंओवळं कडक. सासूबाई एक वेळ जेवून चातुर्मास करायच्या, आणि चार महिने घरात कांदालसूण यायची नाही. मी कांदेनवमीच्या आत कांद्याचा धडा उरकायला हवा होता. राहून गेला. श्रावणात तो काढला तेव्हा वहिनी अवघडून म्हणाल्या, “मी सासूबाईंना विचारून येते.”

दोन घरं पलीकडं त्यांचं बिऱ्हाड. विचारून आल्या. “ऐकायला हरकत नाही म्हणाल्या. पण तोंडानं म्हणायचं नाही.”

गोदाक्का कांदा फोडत होत्या. “अवो वैनी, इंग्रजीत कांदा म्हनल्यावर बाट कसा लागंल?”

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “देवाला इंग्रजी येत नसेल, असं सासूबाईंना वाटत नाही.”

त्या धड्याला वहिनी भिंतीशी बसल्या. आम्ही म्हणत होतो आणि त्यांचे नुसते ओठ हलत होते. पुढं भोपळा आला, गवार आली, सगळं त्यांनी म्हटलं. कांद्यापाशी आल्या की गप्प. कार्तिकातली एकादशी झाली, बारस सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात सडा घालत होते. वहिनी आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि म्हणाल्या, “अनियन.”

एवढं बोलून त्या घरी गेल्या. घरी कामं पडली होती.

*

मार्थाबाई पुण्याला जाऊन आल्या तेव्हा त्यांनी फडक्यात गुंडाळून एक अख्खा ब्रेड आणला. रुक्मिणीला तिथं काय खावं लागेल ते कळावं म्हणून. आमच्यापैकी तिघींनी तो जवळून कधी पाहिला नव्हता. सुशीलावहिनी लगेच दोन हात मागं सरकल्या. गोदाक्कांनी वास घेतला आणि म्हणाल्या, “ताडीच्या मडक्यावानी येतंय.”

रुक्मिणीनं तो दोन्ही हातांत घेतला. वरून बघितला, उलटा करून बघितला, बाजूंनी बघितला. एवढं काय बघते मला कळेना.

“बाई, हिच्यावर कुनाची बोटंच न्हाईत,” ती म्हणाली.

“साच्यात घालून भट्टीत भाजतात,” मार्थाबाईंनी सांगितलं.

“मग ही कुनी केली, हे खानाऱ्याला कसं कळायचं?”

“तिथं ते कळत नाही.”

गोदाक्का म्हणाल्या, “माज्या सासूची भाकरी मी अंधारात वळखीन. करंगळी वाकडी व्हती तिची. कडंला एक बोट उमटायचंच न्हाय.”

रुक्मिणीनं एक तुकडा कापून घेतला आणि ओट्यावर तात्यांना नेऊन दिला. तात्यांनी मोडला, बराच वेळ चावला.

“ह्यानं भूक जायाची न्हाय,” ते म्हणाले. “तू हे खानार तितं?”

रुक्मिणी तशीच उभी राहिली. मग आत येऊन खाली बसली आणि म्हणाली, “ब्रेड.” एकदाच म्हणाली.

*

एकदा मी ‘किती’ शिकवत होते. जे मोजता येतं त्याला इंग्रजीत एक ‘किती’ लागतो आणि जे मोजता येत नाही त्याला दुसरा. केळी मोजायची, अंडी मोजायची. दूध, तांदूळ, पीठ मोजायचं नाही. तिघींना ते चटकन कळलं. मला बरं वाटलं. मी गोदाक्कांना विचारलं, “हाउ मेनी भाकरीज डू यू ईट?”

गोदाक्कांनी नुसती मान हलवली.

“येत नाही का? सोपं आहे.”

“येत न्हाय असं न्हाय, बाई. पर खानाऱ्याच्या भाकरी मोजू न्हायेत.”

“आमच्याकडंही पोळ्या मोजत नाहीत,” सुशीलावहिनी म्हणाल्या. “जेवणाऱ्याच्या पानाकडं बघूसुद्धा नये.”

“अहो, पण व्याकरणात मोजतात,” मी म्हणाले.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “व्याकरनाला जेवायला कुनी बसिवलंय?”

तात्या. वर्ग सुरू झाल्यापासून आमच्या धड्यात त्यांनी टाकलेलं हे पहिलं वाक्य. रुक्मिणीनं पदर पुढं ओढला. गोदाक्का हसू दाबत होत्या. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा कळलं, की तात्या ओट्यावर झोपत नाहीत. सगळं ऐकतात.

नंतर रुक्मिणीनं हळूच विचारलं, “तितं मोजत्यात का?”

“मोजतात,” मी म्हणाले. “मोजल्याशिवाय पथ्य कसं पाळणार?”

“आजाऱ्याच्या मोजल्या तर चालंल,” ती म्हणाली.

त्यानंतर आमच्या वर्गात भाकरीला पाण्याचा आणि दुधाचा ‘किती’ लागायला लागला. चूक होती. मी ती दुरुस्त केली नाही.

*

थंडीच्या दिवसांत मार्थाबाई म्हणाल्या, “मी मेट्रन होते आणि हिची परीक्षा घेते.” मी त्यांना खुर्ची दिली. रुक्मिणी समोर उभी राहिली. गोदाक्का आणि वहिनी भिंतीशी बसल्या. दार उघडं होतं, ओट्यावर तात्या.

पहिले प्रश्न सोपे. हे काय, ते काय, गरम की गार. रुक्मिणी बारीक आवाजात पण बरोबर सांगत होती. मग मार्थाबाईंनी इंग्रजीत विचारलं, “टायफॉइडच्या पेशंटला तू काय देशील?”

रुक्मिणीची नजर दाराकडं गेली.

मार्थाबाईंनी पुन्हा विचारलं. मला ठाऊक होतं की तिला येतंय. मागच्याच आठवड्यात आम्ही ते घोकलं होतं. मला वाटलं, सासऱ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं नाही म्हणून अडली.

बाहेर काठी वाजली. तात्या उठले होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण त्या प्रश्नातला एक शब्द त्यांना ठाऊक होता. ज्याच्या घरात तो ताप येऊन गेला, त्या प्रत्येकाला तो शब्द ठाऊक असतो. ते ओट्यावरून उतरले, रस्ता ओलांडून पलीकडच्या चिंचेखाली गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

रुक्मिणीनं ते पाहिलं. मग ती म्हणाली, “वॉटर. राइस वॉटर. मिल्क. नो भाकरी.”

“व्हाय नो भाकरी?” मार्थाबाईंनी विचारलं.

रुक्मिणी म्हणाली, “बाई, ते इंग्रजीत न्हाय सांगता यायचं मला.”

मार्थाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दोघं वरकुट्याला गेल्यावर मार्थाबाईंनी मला सांगितलं. तात्यांच्या मुलाचा ताप उतरला होता. पोरगा रात्रंदिवस भाकरी मागत होता आणि आतडी अजून नाजूक म्हणून दवाखान्यातून सक्त मनाई होती. घरी नेल्यावर बापाला बघवेना. तात्यांनी दुधात भाकरी कुस्करली आणि आपल्या हातानं त्याला भरवली. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला.

“मायेनं भरवली हो,” मार्थाबाई म्हणाल्या. “त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. हिनंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून हिला नर्स व्हायचंय.”

*

उन्हाळा लागता लागता पुण्याहून निरोप आला. मेट्रननं रुक्मिणीला भेटायला बोलावलं होतं, घरचं माणूस बरोबर हवं होतं. पसंत पडली तर तिथंच ठेवून घेणार. दिवसही ठरवून दिला होता. मार्थाबाईंनी ओट्यावर जाऊन तात्यांना सांगितलं.

“बघू,” तात्या म्हणाले.

तो दिवस जवळ येत होता म्हणून मी धडा मोठा घेतला. ‘हे कर, ते कर’ असं कसं सांगायचं, ते शिकवायचं होतं. चूल पेटवली, परात ठेवली, ज्वारीचं पीठ दिलं आणि रुक्मिणीला म्हटलं, “तू करत जा आणि सांगत जा.” गोदाक्कांना कळावं म्हणून मी प्रत्येक वाक्य मागाहून मराठीत म्हणत होते.

“टेक फ्लाउर,” रुक्मिणी म्हणाली.

“पीठ घ्या.”

“पोअर हॉट वॉटर.”

“कढत पाणी ओता.”

“नीड. मेक अ बॉल.”

“मळा. गोळा करा.”

“पॅट, पॅट, पॅट.”

“थापा, थापा, थापा.”

हात चालायला लागले तसा तिचा आवाज मोकळा झाला. इतक्या दिवसांत ती अशी बोलली नव्हती. परातीवर हाताचा ठेका आणि त्या ठेक्यात इंग्रजी. तव्यावर टाका. वरून पाण्याचा हात फिरवा. परता. थांबा. भाकरी निखाऱ्यापुढं उभी केली आणि ती टम्म फुगली. आम्ही सगळ्या भाकरीकडं बघत राहिलो.

गोदाक्का म्हणाल्या, “लई ग्वाड म्हनलीस, पोरी. पन तू गेल्यावर त्या म्हाताऱ्याला भाकरी कोन थापून घालनार गं?”

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्या सगळ्यांच्याच मनात ते कधीपासून होतं, बोलल्या त्या एकट्या. दार उघडंच होतं.

रुक्मिणीनं पीठ लागलेले हात परातीत झटकले. “म्हनून तर न्हाय जायाचं मला,” ती म्हणाली. “मी ठरिवलंय. मार्थाबाईंना सांगा.”

“अगं, शेजारपाजारचं कुणी देईल...”

“रोज कोन देतं, बाई? एक दिस देत्यात, दोन दिस देत्यात. आन् तात्या मागायचे न्हाईत. उपाशी बसतील, पर मागायचे न्हाईत.”

तिनं ती फुगलेली भाकरी फडक्यात घेतली, ओट्यावर नेऊन तात्यांच्या पुढं ठेवली आणि तांब्या भरून ठेवला. तात्यांनी त्या दिवशी भाकरी लगेच मोडली नाही. हातात धरून बसले होते.

त्यानंतरचे बाजार ती आली, शब्द म्हणत राहिली, पण आवाज पुन्हा आत गेला होता. मार्थाबाई दोनदा समजवायला गेल्या. दोन्ही वेळा तिनं एकच उत्तर दिलं.

*

पुण्याला जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बाजार नव्हता. दुपारची वेळ, मी सांडगे उन्हात घालत होते. बघते तर तात्या येताना दिसले. एकटेच. मला वाटलं, नाही म्हणून सांगायला आले. साधा निरोपही कुणाच्या हाती न देता स्वतः सांगायला आले, म्हणजे पक्कंच.

ते ओट्यावर चढले. कोपऱ्यात रांजण होता. त्यांनी तांब्या घेतला, रांजणातून भरला, पाणी प्यायले आणि तांब्या जागेवर उपडा ठेवला. मग दाराशी येऊन उभे राहिले.

“बाई, भाकरीचं ते तुमी म्हनत व्हता...”

“हो, तात्या.”

“पीठ घ्या. कढत पानी वता. मळा. गोळा करा. थापा, थापा, थापा. तव्यावर टाका. वरनं पान्याचा हात फिरवा. परता. थांबा.”

एकही पायरी न चुकता त्यांनी म्हणून दाखवलं. माझ्याच चालीवर.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

“मग कडा का चिरत्यात?”

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. उजव्या हाताच्या बोटांवर चटक्यांचे डाग होते, काही जुने, काही ताजे. नखांच्या कडेला पीठ वाळलं होतं.

“पाणी पुरेसं कढत नसेल,” मी म्हणाले. “आणि मळणं कमी पडत असेल. मनगटानं रगडायचं, तात्या. पीठ मऊ होऊन हाताला लागायचं थांबेपर्यंत रगडायचं. ज्वारीला घाई चालत नाही.”

“हे न्हाय म्हनला तुमी धड्यात.”

“नाही. राहिलं ते.”

“हां,” तात्या म्हणाले. त्यांनी घोंगडं खांद्यावर सारखं केलं.

“रुक्मिणी कुठं आहे?”

“मळ्यात. खुरपतीया. मी आल्यालं तिला ठावं न्हाय.”

ते पायऱ्या उतरले. माझ्यानं राहवेना. मी मागून विचारलं, “तात्या, उद्याचं काय?”

“बघू,” तात्या म्हणाले, आणि वरकुट्याच्या वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिगवणला आगगाडी धरण्यासाठी तात्या रुक्मिणीला घेऊन पहिल्या एस.टी.त बसले. तिच्या मांडीवर फडकं होतं, फडक्यात दोन भाकरी होत्या, आणि भाकरींवर जाड बोटं उमटली होती.